विश्लेषण : छोटी विमाने का कोसळतात? ठिकाणे नवी, कारणे जुनीच

बारामतीजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन सराव विमाने कोसळली. १९ ऑक्टोबरला कटफळजवळ आणि २२ ऑक्टोबरला गोजुबावीजवळ. दोन्ही विमाने एकाच प्रशिक्षण संस्थेची होती. जीवितहानी झाली नाही, पण ‘डीजीसीए’ने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, संस्थेचे प्रशिक्षणच थांबवले. त्याआधी १८ मार्चला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले सराव विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील जंगलात कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता. १४ सप्टेंबरला मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात उतरणारे आठ जणांचे खासगी जेट धावपट्टीवरून घसरले.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातील वाचकांना हे दूरचे वाटणार नाही. शिरपूरच्या धावपट्टीवरून उडणारी सराव विमाने इथल्या आकाशाला नवी नाहीत. नव्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये देशातील पाच विमानतळ निवडले, त्यात जळगावही आहे.

वर्डीच्या डोंगरात काय घडले होते?

१६ जुलै २०२१, शुक्रवारची दुपार. शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे छोटे विमान चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात, सातपुड्याच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला, प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. घटनास्थळापर्यंत रस्ता नव्हता. सर्वांत आधी पोहोचले ते जवळच्या पाड्यांवरील आदिवासी बांधव. त्यांच्यातील एका महिलेने अंगावरची साडी दिली, तिची झोळी बांधून जखमी तरुणीला डोंगर उतरवून खाली आणण्यात आले. त्या एका अपघाताचे कारण ठरवणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. पण पावसाळा, डोंगर, एक इंजिन आणि शिकाऊ हात एकत्र आले की कोणकोणते धोके उभे राहतात, हे समजून घेता येते.

मोठ्या विमानापेक्षा छोटे विमान जास्त धोक्याचे का?

सरावासाठी वापरले जाणारे सेस्ना १५२ हे विमान पाहा. दोन माणसे आणि इंधन धरून त्याचे कमाल वजन ७५७ किलो, म्हणजे मोटारीपेक्षाही कमी. इंजिन ११० अश्वशक्तीचे, साधारण दोन ट्रॅक्टरांएवढे, आणि तेही एकच. प्रवासी विमानात दोन अनुभवी वैमानिक असतात, ढगांच्या वरून उडण्याची ताकद असते, पुढचे वादळ दाखवणारे रडार असते. छोटे विमान ढगांच्या खालून, डोंगरांच्या जवळून जाते. ते जिथे उतरते त्या अनेक धावपट्ट्यांवर पूर्ण वेळचा नियंत्रण कक्ष किंवा हवामान केंद्र नसते. तरीही अपघाताला बहुतेक वेळा यंत्र कारण ठरत नाही. अमेरिकेत छोट्या विमानांची संख्या प्रचंड आहे. तिथल्या वार्षिक आढाव्यांत वर्षानुवर्षे साधारण तीन-चतुर्थांश अपघातांचे मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडते.

‘स्टॉल’ म्हणजे इंजिन बंद पडणे का?

नाही. मोटार ‘स्टॉल’ झाली म्हणजे इंजिन बंद पडले. विमानाच्या बाबतीत मात्र स्टॉल होतो तो पंखांचा, इंजिन व्यवस्थित गुरगुरत असतानाही. पंखावरून हवा सुरळीत वाहते तोवर विमान तरंगते. नाक फार वर उचलले आणि समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला, की हवेचा प्रवाह फाटतो आणि उचल नाहीशी होते. उंचावर असताना हे घडले तर नाक खाली करून सावरता येते. हा सरावाचाच भाग आहे. जमिनीपासून शे-दोनशे मीटरवर घडले तर सावरायला जागा नसते.

ही चूक अनेकदा घडते ती उतरताना, धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी घेतलेल्या शेवटच्या वळणावर. वळण थोडे चुकते, धावपट्टी बाजूला राहते, वैमानिक विमान आणखी कलवतो आणि नाक ओढून धरतो. विमान ४५ अंश कलले की स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सरळ जाताना जो वेग सुरक्षित होता, तोच वळणात अपुरा पडतो. एक पंख आधी बसतो आणि विमान गिरकी घेत खाली येते. अशा वेळी उतरण्याचा नाद सोडून पुन्हा वर जाणे आणि नव्याने फेरी मारणे हा उपाय आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण नवशिक्याला प्रशिक्षकासमोर आणि अनुभवी वैमानिकाला मागे बसलेल्या साहेबांसमोर तो कमीपणा वाटतो.

पाऊस आणि ढग किती घातक?

सातपुड्यासाठी हाच प्रश्न कळीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रावेरहून उत्तरेकडे पाहिले तर डोंगरांचे माथे ढगांत बुडालेले दिसतात, अगदी पालच्या बाजूलाही. छोट्या विमानाचा वैमानिक बहुतांशी डोळ्यांना दिसते त्यावर उडतो. ढगात शिरताच क्षितिज नाहीसे होते आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा खोटे सांगू लागते. विमान वळत असते, पण शरीराला ते सरळ वाटते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांची अशा परिस्थितीत चाचणी घेतली गेली. विमानावरचा ताबा जायला त्यांना सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत.

वर्डीच्या अपघाताच्या बरोबर २२ वर्षे आधी, १६ जुलै १९९९ रोजी, अमेरिकेचे माजी अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनियर स्वतःचे छोटे विमान चालवताना समुद्रात कोसळून मरण पावले. अंधारी रात्र, धूसर हवा आणि खाली पाणी अशा स्थितीत त्यांचे दिशाभान हरपले, असा तिथल्या तपास मंडळाचा निष्कर्ष होता. आपल्याकडे माधवराव शिंदे यांचे विमान ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेसाठी जाताना मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले आणि आठही जण दगावले. वीस वर्षांनी वर्डीचा अपघात झाला तेव्हा नागरी विमान वाहतूक खात्याची सूत्रे नुकतीच त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य यांच्याकडे आली होती.

डोंगराची दरी हा आणखी वेगळा सापळा आहे. ताशी १७० किलोमीटर वेगाने जाणारे विमान ३० अंश कलवून मागे वळवायचे तर सुमारे ८०० मीटर रुंद जागा लागते. वर ढगांचे छत, दोन्ही बाजूंना उतार आणि पुढे दरी अरुंद होत गेली, तर परतीचा रस्ता कधी संपला हे कळतही नाही.

उन्हाळ्यात तरी धोका कमी?

मे महिन्यात आकाश निरभ्र असते, पण हवा पातळ होते. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे. तापमान ४५ अंशांवर गेले की तिथली हवा विमानाला सुमारे १,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी जाणवते. थोडक्यात, धावपट्टी जळगावात आणि विमान जणू महाबळेश्वरहून उडते आहे. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढण्याचा वेग पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक कमी होतो.

मान्सूनपूर्व वादळ रावेरच्या केळी उत्पादकांना वेगळे सांगायला नको. अर्ध्या तासात निसवलेल्या बागा आडव्या करणारा तो वारा ढगातून सरळ खाली आदळतो आणि चहूकडे पसरतो. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या छोट्या विमानाला आधी समोरून ५० किलोमीटरचा वारा आणि काही सेकंदांनी तेवढाच मागून मिळाला, तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे.

इंधन, तारा आणि देखभाल

इंधन संपून विमान पडते, हे ऐकायला हास्यास्पद वाटते, पण जगभर घडते. छोट्या विमानातील काटा फारसा भरवशाचा नसतो. म्हणून उड्डाणाआधी टाकीत पट्टी बुडवून पातळी पाहायची आणि टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी आहे का ते तपासायचे, असा शिरस्ता आहे. दमट रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत बाष्पाचे पाणी साचते. दमट हवेत आणखी एक प्रकार होतो. बाहेर २५ अंश तापमान असतानाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते.

विजेच्या आणि इतर तारा वरून जवळपास दिसतच नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाचे सराव विमान वैनगंगा नदीवर ताणलेल्या तारेला धडकून दोघांचा मृत्यू झाला. महिनाभरात, २५ मे रोजी, निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून कोसळले, सुदैवाने सर्व जण बचावले. देखभालीबाबत घाटकोपरची आठवण पुरेशी आहे. २८ जून २०१८ रोजी दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणावर असलेले विमान भरवस्तीत कोसळले आणि विमानातील चौघांसह रस्त्यावरील एका व्यक्तीचाही जीव गेला.

तपास कोण करते?

अपघातांचा तपास ‘एएआयबी’ म्हणजे विमान अपघात तपास विभाग करतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे काम दोषीला शिक्षा देण्याचे नाही, तर पुन्हा तसेच घडू नये म्हणून कारण शोधण्याचे आहे. त्याचे अहवाल सार्वजनिक असतात. अडचण अशी की छोट्या सराव विमानांत बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. मग तपासणाऱ्यांना पंख्याची पाती कशी वाकली, टाकीत इंधन किती होते, काटे कुठे थांबले यावरून अंदाज बांधावा लागतो.

त्यामुळे शेतात किंवा डोंगरात विमान पडलेच, तर पहिल्या तासात गावकरी काय करतात याला महत्त्व येते. ११२ वर फोन करावा. विडी-सिगारेट आणि चालू इंजिनाची वाहने दूर ठेवावीत, कारण सांडलेले इंधन पेट्रोलसारखे भडकते. जखमींना बाहेर काढण्यासाठी लागेल तेवढेच हलवावे, उरलेला एकही तुकडा उचलू नये. मोबाइलवर काढलेले चित्रीकरण मात्र पुसू नये. विमान कोणत्या दिशेने आले, इंजिनाचा आवाज येत होता की नाही, हे तपास पथक सर्वांत आधी विचारते.