घरचें दप्तर व दूरचे भाऊबंद

कोंकणांतील एकत्र कुटुंबाचें दप्तर एका घरीं असतें, पण त्याचे वारसदार मात्र दाही दिशांस पांगलेले असतात. घर रत्नागिरीस, धाकटे बंधु पुण्यास, चुलते डोंबिवलीस, पुतणी कॅलिफोर्नियांत. बागेचें वाटणीपत्र, पणजोबांचीं मोडी टिपणें किंवा कुलवृत्तांताचा कच्चा मजकूर यांची गरज कोणास केव्हां पडेल हें सांगतां येत नाहीं.

मूळ कागदांस ओल व वाळवी यांचें भय आहेच, पण पाण्याचें भय त्याहून मोठें. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ सालापासूनच्या संस्थेसहि २००५ व २०२१ या दोन्ही पुरांचा तडाखा बसला. मग घरच्या पेटीची काय कथा? यास्तव कागदांच्या प्रतिमा संगणकावर उतरून ठेवणें अवश्य आहे. मात्र त्या फोनवरील कुटुंबगटांत टाकणें इष्ट नव्हे. एकदां तेथें गेलेलें खरेदीखत पंचवीस फोनांत राहतें, आणि पुढें तें कोठें गेलें याचा पत्ता लागत नाहीं.

त्यापेक्षां दप्तर घरींच ठेवावें व आप्तांस त्याचें दार उघडून द्यावें. जुना लॅपटॉपहि या कामास पुरतो. फाइली दूरच्या संगणकावर नेण्याची पहिली नियमावली, एफ.टी.पी., एप्रिल १९७१ मध्यें श्री. अभय भूषण यांनीं लिहिली. ते कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर असून त्या वेळीं अमेरिकेंत एम.आय.टी. येथें होते. पण ही रीत उघड्या पोस्टकार्डासारखी होती. प्रवेशाचा गुप्त शब्दहि वाटेंत वाचतां येई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांतून असे शब्द चोरीस गेले, तेव्हां १९९५ सालीं तातू युलोनेन यांनीं एस.एस.एच. ही बंदिस्त वाट निर्माण केली. तिच्यावरून फाइली नेण्याची रीत ती एस.एफ.टी.पी. होय. ओपन-एस.एस.एच. हें तिचें विनामूल्य साधन लिनक्सवर सहज बसतें.

व्यवस्था अशी करावी. प्रत्येक आप्तानें आपल्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करावी. जाहीर किल्ली घरीं पाठवावी. खाजगी किल्ली मात्र घरच्या कर्त्यासहि देऊं नये. सर्व्हरवर शब्दानें होणारा प्रवेश बंद ठेवून केवळ किल्लीनेंच दार उघडेल असें करावें. प्रत्येकाचें खातें निराळें असावें, म्हणजे कोणाचा लॅपटॉप हरवल्यास त्याचीच किल्ली रद्द करतां येते. दप्तर सर्वांस वाचतां यावें, पण बदलतां येऊं नये; नवे कागद ठेवण्यास ‘आवक’ नांवाचा वेगळा कप्पा करावा. पहिल्या जोडणीच्या वेळीं पडद्यावर सर्व्हरची अक्षरखूण दिसते. ती घरीं फोन करून ताडून पाहिल्याशिवाय ‘होय’ म्हणूं नये.

दोन अडचणी हटकून येतात. कित्येक इंटरनेट कंपन्या अनेक घरांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मग बाहेरून आपलें दार सांपडत नाहीं. अशा वेळीं स्वतंत्र स्थिर पत्ता मागून घ्यावा, अथवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा. दुसरी अडचण विजेची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडील अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत होतीं. म्हणून दप्तराची एक कुलुपबंद प्रत पुण्यासारख्या दूरच्या ठिकाणीं असावीच.

हा खटाटोप कशासाठीं, असें वडीलधारी मंडळी विचारतील. भाऊबंदकीचें मूळ पुष्कळदां जमिनींत नसून ‘आम्हांस कागद दाखविला नाहीं’ या संशयांत असतें. मूळ घरीं राहणारा भाऊ वर्षानुवर्षें छप्पर शाकारतो, कर भरतो, आणि शेवटीं त्याच्याच पदरीं हा संशय येतो. दप्तर सर्वांस सारखें खुलें असलें, आणि कोण केव्हां आंत आला याची नोंद आपोआप होत असली, म्हणजे तोहि निर्धास्त व दूरचेहि निर्धास्त. मात्र प्रतिमा म्हणजे मूळ दस्त नव्हे. मूळ कागद जपलेच पाहिजेत. तसेंच सर्व्हरचा कारभार घरांतील निदान दोघांस, शक्य तर एका सुनेस अथवा मुलीस, शिकवून ठेवावा. कर्त्या पुरुषाबरोबर दप्तराच्या किल्ल्या जाण्याचे प्रसंग आपल्या घरांतून थोडे झालेले नाहींत.