रेशमाचा धागा

दिवाळीला घरात रेशमी वस्त्र आले, की मला तोमिओका आठवते. जपान सरकारने १८७२ साली तेथे फ्रेंच यंत्रे आणून रेशमाची गिरणी घातली. पण कामाला मुली मिळेनात! परदेशी साहेब पोरींचे रक्त पितात, अशी आवई उठली होती. साहेब पीत होते ती तांबडी द्राक्षमदिरा. अखेर व्यवस्थापक ओदाका यांनी स्वतःच्या लेकीलाच कामावर उभे केले. मग इतर मुली आल्या, शिकल्या आणि परत जाऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या.

जपानच्या उत्कर्षाची कथा आपण आरमारापासून सुरू करतो. परंतु यंत्रे आणि लढाऊ जहाजे घ्यायला परकीय चलन लागते, आणि त्यातला मोठा वाटा रेशमाचा होता. मागोमाग सूतगिरण्या आल्या. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्याने कोबे-मुंबई आगबोटी सुरू झाल्या, आपला कापूस तिकडे जाऊ लागला, आणि पुढे जपानी सुतानेच चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला हुसकले!

१९०५ साली जपानने रशियाचे आरमार बुडवले, तेव्हा आपले लोकही हरखले. पाचच वर्षांनी त्याच जपानने कोरिया गिळला.

इकडे सूतगिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली रात्रपाळी करीतच होत्या. ती बंद व्हायला १९२९ साल उजाडले. रक्ताची ती आवई खोटी होती, हे खरे. पण क्षयाने खंगून घरी परतलेल्या पोरींच्या आयांना ती खोटी वाटली असेल का?