दातातली खुंटी पक्की बसावी म्हणून

रूट कॅनाल झालं, कॅप बसली, की दाताची काळजी मिटली असं आपण समजतो. आणि मग एक दिवस घास चावताना ती कॅप आतल्या भरावासकट हातात येते! पैसे आणि हेलपाटे वाया जातातच, पण कधी कधी दातही गमवावा लागतो. म्हणून मैत्रिणींनो, आत काय बसवतात ते थोडं समजून घेऊ या.

दाताचा वरचा भाग फार तुटला असेल, तर डॉक्टर मुळाच्या पोकळीत बारीक खुंटी बसवतात. तिला पोस्ट म्हणतात. तिच्याभोवती रेझिनचा गाभा रचतात आणि त्यावर कॅप चढवतात. खुंटीने दात बळकट होतो, हा गैरसमज आहे. तिचं काम गाभा धरून ठेवण्याचं. तेव्हा या दोघांचा सांधाच कच्चा राहिला, तर कॅप कितीही महागाची असो, उपयोग काय?

हल्ली पुष्कळदा काचतंतूंची, म्हणजे फायबरची खुंटी वापरतात. तिचे तंतू बहुधा इपॉक्सीत बांधलेले असतात आणि इपॉक्सीला गाभ्याचं रेझिन सहजी धरत नाही. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा करण्याआधी गवंडी टाचे मारतो ना, तसंच इथे करावं लागतं. बारीक कणांचा हलका मारा करून किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावून तंतू थोडे उघडे करतात. मग सायलेन नावाचं द्रव लावून वाळवतात. सायलेन म्हणजे दोन्ही घरं ओळखणारी मध्यस्थ बाई! एका हाताने ती काच धरते, दुसऱ्याने रेझिन. काही खुंट्या मात्र कारखान्यातूनच तयार होऊन येतात.

आता आपल्या हातातल्या गोष्टी :

१. ठणका लागला म्हणून लवंगेचं तेल लावलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

२. थुंकीचा ओलावा लागला तरी सांधा बिघडतो. डॉक्टरांनी रबराचा पडदा लावला, तर कंटाळू नका.

३. हिरडीच्या वर चहूबाजूंनी सुमारे २ मिलिमीटर दात शाबूत आहे का, ते विचारा. कॅपला खरा आधार त्याचाच.

४. निघालेली कॅप घरच्या गोंदाने चिकटवू नका. डबीत घालून लवकर दवाखान्यात न्या.

कॅपचा रंग जुळतो का, हे आपण आरशात दहादा पाहतो. तेव्हा खुंटी कशी बसवणार, हेही एकदा विचारायला संकोच कसला?