भंगाराचा भाव, सालींची दैना

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या मालमोटारींतील ओझे ज्याने एकदा न्याहाळून पाहिले आहे, त्यातले गंजलेले पत्रे, खुर्च्यांचे सांगाडे, मोडके पंखे आणि कोणाच्या अडगळीतून निघाली कोण जाणे अशी चाके ज्याने पाहिली आहेत, त्याला टाकाऊ वस्तूंविषयी तुच्छतेने बोलणे पुढे जड जावे. कारण याच भंगाराचा विजेच्या भट्टीत रस होतो, आणि तो ओतून, थिजवून, रोलिंग मिलच्या रुळांतून लांबविला म्हणजे घराच्या स्लॅबमध्ये बसणारी सळई सिद्ध होते. ‘जालना सोने का पालना’ अशी ज्या पेठेची जुनी ख्याती, तिचे आजचे ऐश्वर्य बियाण्यांइतकेच या सळईवर उभे आहे.

लोखंडाच्या बाबतीत आमचा विवेक वाखाणण्याजोगा आहे. गल्लीत हातगाडी ढकलीत येणारा भंगारवाला बीड निराळे तोलतो, पत्रा निराळा, ॲल्युमिनियम निराळे. तांब्यापितळेला हात लावताना त्याचा स्वरही बदलतो. आणि जिच्या सासूची हयात जुन्या लुगड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीशी घासाघीस करण्यात गेली, ती गृहिणी काट्यावरची नजर क्षणभर ढळू देत नाही. तीच गृहिणी दुसऱ्या दिवशी घंटागाडीचे गाणे कानी पडताच भाजीची देठे, चहाचा चोथा, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फुटक्या बरणीच्या काचा एकाच पिशवीत कोंबून, गाठ मारून मोकळी होते. (गृहस्थांविषयी न बोललेले बरे, ते पिशवी दारापर्यंत नेतात, तीही उपकार केल्यासारखी.)

ओला, सुका आणि घरगुती घातक अशी वर्गवारी प्रत्येक घराने करावी, असे 2016 च्या केंद्रीय नियमांनी फर्माविले. 2023 मध्ये आमच्या नगरपरिषदेची महानगरपालिकाही झाली. परंतु निजामाच्या अमदानीपासून फर्माने ऐकत आलेल्या या मुलखाला त्यांचे अप्रूप नाही, आणि ज्या जिनसेला भाव नाही ती निवडून ठेवण्याचा दस्तूर आमच्या घरांत नाही. चोथ्याने भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही, काच मिसळलेली देठे शेतकरी घेत नाही. दोन कामाच्या वस्तू एकत्र करून आम्ही तिसरी बिनकामाची निर्माण करतो. ढिगात हवेवाचून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन सुटतो, आणि उन्हाळ्यात कचरा डेपोंना लागणाऱ्या आगींना तो सरपण पुरवितो. त्याआधी त्या पिशवीत हात घालावा लागतो तो कचरा वेचणाऱ्या बाईला. पुण्यात अशाच कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ 1993 मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. तिचे सभासद दारोदार कचरा गोळा करतात आणि सुक्याच्या विक्रीचे पैसे स्वतःकडे ठेवतात. वर्गवारीला तेथे अर्थ आला तो या पैशांमुळे, असे मला वाटते.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीही फिटते म्हणतात. खेड्यातल्या उकिरड्याची ती दरवर्षी फिटत असे, कारण शेण, राख आणि केरकचरा मृगापूर्वी गाड्या भरून रानात जात असे. आमच्या जिल्ह्यात तर मोसंबीच्या बागा आहेत, बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे, आणि सेंद्रिय खताची मागणी त्या बागांना बारमाही. असे असता रसाच्या दुकानांपुढे साचणारी सालींची रास प्लॅस्टिकच्या पेल्यांसह डेपोवर जाते, याला व्यापारी शहराची दिवाळखोरी म्हणावे लागेल.

महानगरपालिकेने उपदेशाचे फलक उतरवून ओला कचरा स्वच्छ देणाऱ्यास घरपट्टीत सूट देण्याची तजवीज करावी. सूट किती, हा प्रश्न गौण आहे. भंगाराला किलोमागे दोन रुपये अधिक मिळावेत म्हणून भर उन्हात दारात हुज्जत घालणारी घरे या शहरात कमी नाहीत.