रस्ता बदलला, हवा तीच

गेल्या मे महिन्यात मुंबईला निघण्याआधी मी रत्नागिरीतल्या एका पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलो. पोराने विचारले, "काका, किती मारू?" मी सवयीने म्हणालो, "तीस." त्यावर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "उन्हाळा आहे, अठ्ठावीसच ठेवतो. टायर फुटायला नको." मला ते पटलेही. घरी येऊन सहज चालकाच्या बाजूचे दार उघडले, तर खांबावरच्या छोट्या पत्रिकेत लिहिले होते: ३३, आणि पूर्ण भार असेल तर मागे ३६. गाडी घेऊन सहा वर्षे झाली होती. ती पत्रिका मी त्या दिवशी प्रथम वाचली.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे नसावे. आजवर ते खपून गेले, याचे श्रेय आपल्या जुन्या रस्त्याला द्यायला हवे. वळणे, खड्डे, ट्रकमागची रांग आणि घाट यांमुळे कोकणातली गाडी सलग अर्धा तासही वेगाने धावत नसे. आता चित्र बदलते आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरुवात झाली आणि काँक्रीटचे पट्टे एकेक करून खुले होत गेले. कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवात प्रथम वापरात आला. रस्ता सुधारल्याचा आनंद आहेच. पण सलग वेग हा टायरला नवा आहे, आणि आपल्यालाही.

हा धडा विदर्भ-मराठवाड्याने आधी गिरवला. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली आणि थोड्याच काळात टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. अखेर २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशापाशीच टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठविल्या. दोष अनेकांनी काँक्रीटला दिला. पण ज्या कारणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही, ते म्हणजे कमी हवा.

टायर हवा जास्त झाल्याने फुटतो, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात धोका बहुधा उलट बाजूने येतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते. ताशी शंभरच्या वेगाने चाक मिनिटाला साडेआठशे-नऊशे फेरे घेते. एवढ्या वेळा वाकणारे रबर आतून तापते आणि त्याचे थर सुटू लागतात. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याचा उपाय हाच रोग वाढविणारा आहे. तापल्यावर दाब वाढतो हे खरे, साधारण साडेपाच अंश सेल्सियसला एक पौंड. पण ती वाढ गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढू नये. टायरवर कोरलेला मोठा आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, तो भरण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे उन्हापेक्षा पाऊस मोठा. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निकामी होतात. अमेरिकेतील नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र मांडले. त्यानुसार ३२ पौंडांना हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, तर २० पौंडांना अवघा ७५. मोटारीला हे गणित तंतोतंत लागू नाही, टायरची नक्षी आणि पाण्याची खोलीही महत्त्वाची. पण दिशा स्पष्ट आहे.

अमेरिकेला हे महागात पडून कळले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. टायरच्या दोषाबरोबर वाद हवेचाही होता: फोर्डने २६ पौंड सुचविले होते, फायरस्टोन ३० वर आली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि दाब घटल्यास इशारा देणारे यंत्र नव्या मोटारींना सक्तीचे झाले. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलून, असे यंत्र आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास जादा चाक न ठेवण्याची सवलत दिली गेली. म्हणजे आता हवेवरच भिस्त अधिक.

सरकारने रस्ते पुरे करावेत, पंपांवर चालू स्थितीतले, खरा आकडा दाखविणारे मापक असावे, ही मागणी रास्तच आहे. पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंड-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. खिशात मावणारे मापक घ्यावे आणि महिन्यातून एकदा सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी, पाचही चाके पाहावीत. गणपतीला चाकरमानी सहकुटुंब, डिकी भरून निघतात, तेव्हा पत्रिकेतला पूर्ण भाराचा आकडा वाचावा.

आता पंपावर "किती मारू?" असे विचारले की मी पत्रिकेतला आकडा सांगतो. पोरगा अजून मान हलवतो. पण मागच्या सीटवर नातवंडे असतात, तेव्हा अंदाजावर निघायला माझे मन धजावत नाही.