प्रतिज्ञा म्हणायलाच हवी का?

एक छोटी परीक्षा घेऊ. शाळेतली प्रतिज्ञा मनातल्या मनात म्हणून बघा. तेव्हा म्हणायचात तशीच, एका दमात. बहुतेकांना अजून पाठ असेल. आता सांगा, त्यातल्या 'पाईक' या शब्दाचा अर्थ काय?

अडलात ना? घरात शाळकरी मूल असेल तर त्यालाही विचारा. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, सेवक. आपली मुलं रोज एक हात पुढे करून या परंपरेचा शिपाई व्हायची पात्रता मागतात आणि दुसऱ्या हाताने पुढच्या मुलीची वेणी ओढतात.

मी हे एन्नोरमधून लिहितेय. चेन्नईचं हे उत्तरेकडचं टोक. इथे खाडी आहे, कोळ्यांच्या वस्त्या आहेत, बंदर आहे, वीज केंद्रांची राख आहे, ट्रकचा कारखाना आहे. त्यामुळे बदलीवर येणारी कुटुंबंही आहेत. मराठी घरातलं मूल इथल्या शाळेत गेलं की त्याचा परिपाठच बदलतो. सुरुवातीला तमिळ भाषेची स्तुती करणारं 'तमिळ ताय वाळ्त्तु', शेवटी राष्ट्रगीत, मध्ये प्रतिज्ञा, तीही तमिळ किंवा इंग्रजीतून. मग आईबाबांना प्रश्न पडतो: हे सगळं म्हणावंच लागतं का? नाही म्हटलं तर शाळा काही करेल का?

उत्तराआधी ही प्रतिज्ञा आली कुठून ते बघू. ती मूळची मराठी नाही, हिंदीही नाही. ती तेलुगू आहे. पैडिमर्री व्यंकट सुब्बाराव हे विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. १९६२ मध्ये, चीनशी युद्ध झालं त्या वर्षी, त्यांनी ती लिहिली आणि तेन्नेटी विश्वनाथम यांना दाखवली. त्यांनी ती शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे पोचवली. १९६३ मध्ये विशाखापट्टणमच्या एका शाळेत ती पहिल्यांदा वाचली गेली. पुढच्या वर्षी बंगळुरूला केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष होते केंद्रीय शिक्षणमंत्री एम. सी. छागला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. तिथे ठरलं की २६ जानेवारी १९६५ पासून ही प्रतिज्ञा देशभरच्या शाळांत म्हणायची. सुब्बारावांना मात्र याचा पत्ता नव्हता. नातीच्या पाठ्यपुस्तकात ती वाचली तेव्हा त्यांना कळलं, असं सांगतात. (सरकारी खात्यातल्या माणसाला सरकारनेच कळवू नये, हेही आपल्याकडचंच.)

आता ती तारीख पुन्हा बघा. २६ जानेवारी १९६५. त्याच दिवसापासून हिंदी ही केंद्राची प्रमुख राजभाषा होणार होती. तेव्हाच्या मद्रास राज्यात अण्णादुराईंच्या द्रमुकने तो दिवस शोकदिन म्हणून पाळायची हाक दिली होती, घरांवर काळे झेंडे लावून. आदल्या दिवशी मदुराईत विद्यार्थ्यांच्या मोर्चात चकमक झाली आणि राज्य पेटलं. काहींनी स्वतःला जाळून घेतलं, गोळीबारात माणसं मेली. फेब्रुवारीत पंतप्रधान शास्त्रींनी इंग्रजी चालू राहील असं आश्वासन दिलं, तेव्हा कुठे आग निवली. म्हणजे ज्या दिवशी देशभरची मुलं 'सारे बांधव' म्हणायला शिकणार होती, त्याच दिवशी इथे काळे झेंडे फडकत होते. आणि हे झेंडे देशाविरुद्ध नव्हते. वेगळ्या द्रविड देशाची मागणी द्रमुकने त्याआधीच सोडून दिली होती. राग होता तो लादण्याचा.

आज तीच प्रतिज्ञा इथली मुलं तमिळमधून खणखणीत म्हणतात. मला वाटतं, ती टिकली याचं एक कारण म्हणजे प्रत्येकाला ती आपल्या भाषेत मिळाली. दुसरं कारण तिच्या मजकुरात आहे. पुन्हा आठवून बघा: तिच्यात झेंडा नाही, देव नाही, कुठला नेता नाही. देश आहे, देशबांधव आहेत, आईवडील, गुरुजन, वडीलधारी माणसं आहेत आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागायचं वचन आहे.

अमेरिकेची प्रतिज्ञा थेट झेंड्याला वाहिलेली आहे. ती १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी यांनी एका मासिकासाठी लिहिली. ते मासिक शाळांना झेंडेही विकायचं! तिथे बहुतेक राज्यांच्या कायद्यातच शाळेत प्रतिज्ञेची सोय आहे. पूर्वी तिथली मुलंही आपल्यासारखाच उजवा हात पुढे करायची. पण तो हात नाझी सलामासारखा दिसू लागला, म्हणून १९४२ मध्ये तो छातीवर आला. आपल्याकडे वर्गात झेंडा ठेवलाच पाहिजे असा देशभराचा नियम नाही. २००२ च्या ध्वजसंहितेत शाळेत झेंडा फडकवता येईल असं म्हटलंय. गंमत म्हणजे त्याच संहितेत ध्वजवंदनासाठी आणखी एक प्रतिज्ञा दिली आहे. ती झेंड्याशी आणि प्रजासत्ताकाशी निष्ठेची आहे, अमेरिकन प्रतिज्ञेची धाकटी बहीण शोभावी अशी. आपल्याला पाठ आहे ती मात्र सुब्बारावांची, माणसांची.

आता मूळ प्रश्न. मूल गप्प उभं राहिलं तर?

यावरचा सगळ्यात महत्त्वाचा खटला शेजारच्या केरळचा आहे, आणि तो प्रतिज्ञेचा नसून राष्ट्रगीताचा आहे. 'यहोवाज विटनेस' या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग एका आमदाराच्या ते नजरेला आलं, विधानसभेत प्रश्न उठला, चौकशी झाली. चौकशीत निघालं की मुलं शिस्तीची आहेत आणि त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरी जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयातही ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि दत्त यांनी 'बिजॉय इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात निकाल दिला: राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा नाही, आदराने उभं राहणं हा अनादर नव्हे, मुलांना परत घ्या.

१९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदाही वाचण्यासारखा आहे. राष्ट्रगीत मुद्दाम रोखलं किंवा गाणाऱ्यांना त्रास दिला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गप्प राहणाऱ्याला शिक्षा त्यात नाही.

आपल्याकडचं उदाहरणही आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, तर त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही आणि याला बेशिस्त म्हणता येणार नाही.

तरी सरकारांना परिपाठात भर घालायचा मोह आवरत नाही. महाराष्ट्रात २०२० पासून संविधानाची उद्देशिका आली, २०२३ पासून राज्यगीत. इथे डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी म्हटलं की 'तमिळ ताय वाळ्त्तु'ला उभं राहायची कायदेशीर सक्ती नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने ते राज्यगीत जाहीर केलं आणि उभं राहावं असा आदेशही काढला. ५५ सेकंदांचं गाणं आहे. उभं राहायला मला काहीच जड जात नाही, उलट आवडतं. उद्देशिका तर मुलांनी वाचायलाच हवी असं मला वाटतं. पण आठवीतल्या एखाद्याचे ओठ हलत नाहीत म्हणून त्याला सगळ्यांसमोर उभं करून झापायचं, हे 'सौजन्याने वागेन' म्हटल्यावर पाचच मिनिटांत होत असेल तर म्हटलं काय आणि झालं काय?

तुमचं मूल नव्या भाषेच्या शाळेत असेल तर भांडायला जाऊ नका. वर्गशिक्षिकेला भेटा, तमिळ प्रतिज्ञा देवनागरीत लिहून घ्या, अर्थ विचारून घ्या. पाठ होईपर्यंत मूल शांत उभं राहील एवढं सांगा. अडचण श्रद्धेची असेल तर मुख्याध्यापकांना लेखी कळवा, आणि पत्रात १९८६ च्या निकालाचं नाव नक्की लिहा. आणि इथलं पाठ्यपुस्तक मुलाला मिळालं की सुरुवातीची पानं चाळा. तमिळनाडूच्या पुस्तकांत अस्पृश्यता हे पाप आहे, मोठा गुन्हा आहे, माणुसकीला सोडून असलेलं कृत्य आहे, असं छापलेलं असतं. ते कुणी रोज हात पुढे करून म्हणत नाही, पण पुस्तक उघडलं की दिसतं.

तुमच्या शाळेत प्रतिज्ञा कोणत्या भाषेत होती? हात पुढे की छातीवर? आणि कुणी कधी गप्प राहिलं होतं का, तेव्हा गुरुजी काय म्हणाले? कळवा.