महामार्ग केंद्राचाच आहे, तरी रखडला



मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडपट्टीवर ‘सगळे अधिकार केंद्राकडे द्या, म्हणजे टोलवाटोलवी थांबेल’ असा उपाय आपल्या एका वाचकाने सुचवला आहे. तो पटत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राष्ट्रीय महामार्ग पहिल्यापासून संघसूचीतच आहेत. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा तर थेट राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. तिथले काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पेण, वडखळ, नागोठणे, कोलाडच्या लोकांनी पुढे तपभर उखडलेला रस्ता, अर्धवट पूल आणि धूळ सोसली. रोह्याहून मुंबई गाठायची तरी वाट तीच. भूसंपादन समवर्ती सूचीत, १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून वनेही तिथेच. त्यामुळे कर्नाळा अभयारण्याच्या परवानगीसारखा विषय दोन्ही सरकारांच्या दारांत फिरत राहतो.

कोणी म्हणेल, इंदापूरच्या पुढचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होते, तेही रखडलेच. खरे आहे. म्हणूनच अधिकार दिल्लीत की मुंबईत, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. पनवेलहून कन्याकुमारीला जाणाऱ्या रस्त्याची आखणी आणि दर्जा केंद्रानेच ठरवावा; पण भर पावसात वडखळला पडलेला खड्डा बुजवण्याचा अधिकार आणि त्याचा पैसा अलिबागला, जिल्ह्याच्या ठिकाणी, एकाच अधिकाऱ्याच्या हाती हवा. घटनेच्या २५८व्या कलमानुसार केंद्र आपले काम राज्याच्या संमतीने त्याच्याकडे सोपवू शकते. रायगडच्या आमदार-खासदारांनी देखभालीपुरती तरी ही मागणी लावून धरावी.

– एक वाचक, रोहा